दोनशे पौंडांची थंडी आणि भाड्याचे घर

जुलै २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. चार आठवडे पुरे व्हायच्या आत, २९ जुलैला, अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी पेन्शनरांना हिवाळ्यात मिळणारे ‘विंटर फ्युएल पेमेंट’ बहुतेकांसाठी बंद केले. सप्टेंबरात हा निर्णय रद्द करण्याचा ठराव संसदेत ३४८ विरुद्ध २२८ मतांनी फेटाळला गेला. पुढच्या मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकांत पक्षाला जबर तडाखा बसला आणि ९ जून २०२५ रोजी सरकारने माघार घेतली. घरामागे दोनशे-तीनशे पौंड असलेल्या रकमेवरून वर्षभर एवढे रण पेटले. पण कपात करताना आणि ती मागे घेताना, दोन्ही वेळा सरकारने चुकीचीच फूटपट्टी लावली. म्हातारपणी कोणाला थंडी सोसावी लागेल, हे ब्रिटनमध्ये उत्पन्नाइतकेच, किंबहुना उत्पन्नापेक्षा जास्त, घर स्वतःचे आहे की भाड्याचे यावर ठरते. या सगळ्या वादात भाड्याचा हिशेब कोणीच मांडला नाही.

आधी ही रक्कम काय आहे ते पाहू. १९९७ मध्ये गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना ती सुरू झाली, तेव्हा बहुतेक घरांना २० पौंड मिळत. २००० च्या हिवाळ्यापर्यंत ती २०० झाली आणि पुढे ८० वर्षांवरच्यांना ३००. मधली काही वर्षे तात्पुरती वाढ झाली, ती सोडली तर आकडा आजही तोच आहे. पंचवीस वर्षांच्या महागाईने तिची किंमत जवळपास निम्म्यावर आणली आहे. घरात दोघे पात्र असतील तर रक्कम विभागून मिळते, म्हणजे ८० खालच्या जोडप्याला शंभर-शंभर. पैसे नोव्हेंबर-डिसेंबरात बहुतेकांच्या खात्यात आपोआप जमा होतात, अर्ज करावा लागत नाही. ही योजना इतकी वर्षे टिकली ती या साधेपणामुळे.

२०२४ चा निर्णय नेमका हा साधेपणा मोडणारा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्यांना ‘पेन्शन क्रेडिट’ किंवा तत्सम एखादा गरजूंसाठीचा भत्ता मिळतो, त्यांनाच पैसे मिळणार होते. लाभार्थी एक कोटीहून अधिक होते, ते १५ लाखांवर आले. पहिल्या वर्षाची अपेक्षित बचत १४० कोटी पौंड. कागदावर हे न्याय्य वाटते: श्रीमंत पेन्शनरला सरकारने हीटरचे पैसे कशाला द्यायचे? पण पेन्शन क्रेडिट ही चाळणीच भोकाची आहे. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे त्या वेळी ८ लाख ८० हजारांपर्यंत पात्र कुटुंबे ते मागतच नव्हती. अर्जात २४३ प्रश्न होते. सगळेच सगळ्यांना लागू नव्हते हे खरे. पण ऐंशी वर्षांच्या माणसासमोर ते भेंडोळे ठेवले की तो पहिल्या पानावरच थांबतो. शिवाय ‘आपण सरकारकडे हात पसरायचा नाही’ असे मानणारी ही पिढी आहे.

कटऑफचे गणित तर डोळ्यांत खुपणारे होते. २०२४-२५ मध्ये एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची मर्यादा होती आठवड्याला २१८.१५ पौंड. नवी पूर्ण सरकारी पेन्शन होती २२१.२० पौंड. म्हणजे ज्याला फक्त सरकारी पेन्शन मिळते, दुसरे दमडीचे उत्पन्न नाही, तो आठवड्याला तीन पौंडांनी ‘श्रीमंत’ ठरून बाहेर. शिल्लक रकमेचा नियमही असाच. दहा हजार पौंडांवरच्या दर ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असे धरले जाते, मग बँक प्रत्यक्षात काहीही व्याज देवो. अंत्यविधीसाठी बारा हजार बाजूला ठेवणाऱ्याच्या उत्पन्नात त्यामुळे कागदावर चार पौंडांची भर पडते.

या कपातीतली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट मात्र बातम्यांत फारशी आलीच नाही. ज्यांना फक्त ‘हाऊसिंग बेनिफिट’ मिळतो, म्हणजे ज्यांना सरकार स्वतःच भाडे भरायला मदत करते, ते पात्र लाभार्थ्यांच्या यादीत नव्हते. उलट पेन्शन क्रेडिट ठरवताना राहत्या घराची किंमत मोजतच नाहीत. आठ लाखांच्या स्वतःच्या घरात राहणारा, पण कागदावर उत्पन्न कमी असलेला पेन्शनर आत. भाड्याच्या एका खोलीत राहणारी, मर्यादेपेक्षा पाच पौंड जास्त मिळवणारी बाई बाहेर. राहत्या घराची किंमत मोजू नये, याला माझीही हरकत नाही. छताचा पत्रा विकून कोणी गॅसचे बिल भरत नाही. पण मालकाचे घर हिशेबाबाहेर ठेवायचे, तर भाडेकरूचे भाडे हिशेबात घ्यायला हवे होते. सरकारच्याच विश्लेषणात या निर्णयामुळे वर्षागणिक ५० हजार ते एक लाख ज्येष्ठ सापेक्ष दारिद्र्यात ढकलले जातील असे निघाले. तो आकडा घराचे भाडे-हप्ते वजा करून काढलेला होता. पट्टी सरकारच्या कपाटातच होती, पात्रता ठरवताना ती वापरली नाही, एवढेच.

२०२५ च्या माघारीने यातले काही दोष गेले, काही नवे आले. आता ज्यांचे वैयक्तिक करपात्र उत्पन्न ३५ हजार पौंडांपर्यंत आहे, त्यांची रक्कम कायम राहते. त्यावर असणाऱ्यांनाही आधी पैसे मिळतात, मग करखाते ते टॅक्स कोड (पेन्शनमधून किती कर कापायचा ते ठरवणारा क्रमांक) बदलून किंवा विवरणपत्रातून परत वसूल करते. सुमारे ९० लाख लोकांना फायदा, २० लाखांकडून वसुली. सरकारच्या हिशेबाने खर्च १२५ कोटी, आणि सरसकट देण्याच्या तुलनेत बचत फक्त ४५ कोटी. एवढ्यासाठी २० लाख लोकांचे टॅक्स कोड हलवायचे! उत्पन्न प्रत्येकाचे वेगळे मोजतात, म्हणून नवरा-बायको दोघांना ३४,९०० पौंड असतील, घरात जवळपास ७० हजार येत असतील, तरी दोघांचे शंभर-शंभर सुखरूप. शेजारची एकटी विधवा ३५,१०० वर असेल तर तिचे पूर्ण दोनशे परत. मध्ये उतार नाही, थेट कडा आहे. आणि ३५ हजार हा आकडा कुठे बसतो तेही पाहावे. एप्रिल २०२४ मध्ये पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याचा ब्रिटनमधला मध्यम पगार वर्षाला साधारण ३७,४०० पौंड होता. त्यातून तो नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी, भरतो; ती पेन्शनरला लागत नाही. आणि तो बहुधा भाडे किंवा हप्ता भरतो.

इथे घरांच्या इतिहासात शिरावेच लागते. १९९७ मध्ये, म्हणजे विंटर फ्युएल सुरू झाले त्याच वर्षी, इंग्लंडमधले मध्यम किमतीचे घर पूर्णवेळ कामगाराच्या साडेतीन वर्षांच्या पगारात येत होते. २०२१ मध्ये तेच गुणोत्तर नवाच्या वर गेले. २०२४ मध्ये व्याजदर चढल्यावर आणि पगार वाढल्यावर ते ७.७ वर उतरले. लंडनमध्ये अकराच्या पुढे, ईशान्य इंग्लंडमध्ये पाचाच्या आसपास. २००३-०४ मध्ये २५ ते ३४ वयाचे ५९ टक्के लोक स्वतःच्या घरात राहत. दहा वर्षांत तो आकडा चाळिशीच्या खाली घसरला, आता थोडा सावरून ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. दुसरीकडे ६५ वर्षांवरच्या दर चार घरांपैकी तीन स्वतःच्या मालकीची आणि कर्ज फेडून झालेली.

हे काही एका पिढीच्या कष्टाळूपणामुळे आणि दुसरीच्या कॉफी पिण्यामुळे झालेले नाही. धोरणाने झाले आहे. १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाडेकरूंना राहते घर मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरे अशी गेली, आणि तेवढी नवी बांधली गेली नाहीत. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत होती, ती २००० साली संपली, म्हणजे आजच्या पेन्शनरांपैकी बहुतेकांना ती मिळून गेल्यावर. १९८८ च्या कायद्याने खासगी भाड्यावरचे नियंत्रण उठले आणि कारण न देता भाडेकरूला बाहेर काढायची वाट मोकळी झाली. ती बंद करणारा कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाला. १९९६ पासून भाड्याने देण्यासाठी घर घ्यायला खास कर्जे मिळू लागली. त्यातून ज्याच्याकडे पहिले घर होते त्याला दुसरे घेणे सोपे झाले, आणि ज्याच्याकडे एकही नव्हते त्याला पहिले घेणे अवघड.

ब्रिटनमधल्या मराठी घरांतही ही भेग दिसते. साठ-सत्तरच्या दशकात एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आलेल्या डॉक्टरांनी, लंडनच्या उपनगरांत स्थिरावलेल्या इंजिनिअर आणि कारकुनांनी घेतलेली घरे आज कर्जमुक्त आहेत. त्यांची नातवंडे किंवा गेल्या दहा वर्षांत आयटीत आलेली मुले पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालतात. नोकरीच्या व्हिसावर असेपर्यंत त्यांना बहुतेक सरकारी भत्ते मागता येत नाहीत. (जाता जाता: जे ज्येष्ठ निवृत्त होऊन पुण्या-मुंबईला परतले, त्यांना विंटर फ्युएल तर नाहीच, पण त्यांची ब्रिटिश सरकारी पेन्शनही भारतात येताच गोठते. ज्या दराने आली त्याच दरावर ती मरेपर्यंत राहते. ब्रिटनमध्ये दरवर्षी होणारी वाढ त्यांना लागू नाही. हा स्वतंत्र अन्याय आहे आणि त्यावर वेगळे लिहायला हवे.)

आता एक हिशेब मांडतो. समजा एकाच गल्लीत दोन बायका राहतात. दोघी एकट्या, दोघींचे उत्पन्न वर्षाला १५ हजार पौंड, शिल्लक दहा हजारांच्या आत. कर जाऊन हाती येतात सुमारे १४,५००, म्हणजे आठवड्याला २७९ पौंड. पहिलीचे घर १९८४ मध्ये कौन्सिलकडून घेतलेले, हप्ते केव्हाच संपले. दुसरी खासगी भाडेकरू, भाडे आठवड्याला १७५. दुसरीला हाऊसिंग बेनिफिट मिळेल, पण पूर्ण भाड्यावर नाही. खासगी घरासाठी सरकार जास्तीत जास्त किती भाडे धरणार याची स्थानिक कमाल मर्यादा असते, तिला लोकल हाऊसिंग अलाउन्स म्हणतात. ती समजा १३० आहे. मग २०२५-२६ ची २२७.१० ची पातळी ओलांडणाऱ्या प्रत्येक पौंडामागे ६५ पेन्स कापले जातात. म्हणजे ५२ पौंडांवर सुमारे ३४. हाती ९६ पौंडांची मदत, खिशातून ७९ पौंड भाडे. वर्षाला चार हजारांवर.

दोघी सरकारच्या दृष्टीने सारख्या. दोघींना दोनशे पौंड. फरक चार हजारांचा, म्हणजे वीस हिवाळ्यांच्या विंटर फ्युएलचा. पहिलीला घराची डागडुजी करावी लागते, बॉयलर गेला तर दोन-तीन हजारांचा खड्डा पडतो, हे मान्य. पण तो दरवर्षी पडत नाही.

ऊर्जेच्या दरातही भाडेकरू मागे पडतो. ऑक्टोबर २०२५ च्या दरमर्यादेनुसार विजेचे युनिट सुमारे २६.४ पेन्स, गॅसचे ६.३ पेन्स. स्वतःच्या घरात बहुधा गॅसचा बॉयलर असतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवरचा विजेचा हीटर असणे नवे नाही. दोन किलोवॉटचा हीटर रोज पाच तास चालवला तर दहा युनिट, म्हणजे दिवसाला २ पौंड ६४ पेन्स. दोनशे पौंड सुमारे ७६ दिवस पुरतात, तेही एका खोलीला. तेवढीच ऊब गॅसच्या बॉयलरमधून, त्यातली थोडी वाया गेली असे धरूनही, ७०-७५ पेन्समध्ये मिळते. एकच रक्कम एकीकडे अडीच महिने, दुसरीकडे नऊ महिने. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश तापमान सांगते. विजेवर खोली तापवणारा माणूस ते गाठण्याआधीच बटण बंद करतो आणि काचेवर ओल, कोपऱ्यात काळी बुरशी धरते.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला: सरसकट योजनेला हात लावू नका, कारण गरजू ओळखायच्या नादात गरजूच सुटतात. २०२४ च्या हिवाळ्याने हा आक्षेप खरा करून दाखवला, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. शिवाय या रकमेला ‘इंधनाचे पैसे’ असे नाव असल्यामुळे लोक ती खरोखर इंधनावर खर्च करतात. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की तिचा जवळपास निम्मा भाग इंधनावर जातो, जो साध्या रोख रकमेच्या बाबतीत अगदी किरकोळ असता. म्हणून ती पेन्शनमध्ये विरघळवून टाकू नये. त्यात आणखी एक खोच आहे: आठवड्याची पेन्शन चार पौंडांनी वाढवली आणि पेन्शन क्रेडिटची मर्यादा तिथेच ठेवली, तर सर्वात गरिबाचे क्रेडिट तेवढेच कमी होते आणि हाती काहीच पडत नाही. त्यापेक्षा रक्कम वेगळी ठेवावी, नाव ठेवावे, नोव्हेंबरातच द्यावी, फक्त ती पेन्शनसारखीच करपात्र करावी. १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेखाली असणाऱ्याला पूर्ण दोनशे, वीस टक्क्यांच्या पट्टीत १६०, चाळीस टक्क्यांत १२०. कडा नाही, वसुली नाही, अर्ज नाही.

दुसरा आक्षेप तरुणांच्या बाजूने येतो: म्हाताऱ्यांना ट्रिपल लॉक, त्यांनाच घरे, त्यांनाच हीटरचे पैसे, आम्हाला काय? ट्रिपल लॉक म्हणजे महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतले जे जास्त असेल तेवढी पेन्शन दरवर्षी वाढते. या रागात तथ्य आहे. घराचे भाडे-हप्ते वजा करून पाहिले तर मुलांमधले दारिद्र्य ३० टक्क्यांच्या आसपास आहे, पेन्शनरांमधले १६. पण पेन्शनरांचा तो सरासरी आकडा ज्यांचे घर फिटले आहे अशा मोठ्या समूहामुळे खाली आलेला आहे. भाडेकरू पेन्शनर त्याच्या कितीतरी वर आहेत. वयाच्या नावाने भांडण लावले की ते नजरेआड होतात, आणि ती ज्येष्ठ भाडेकरू आणि तिचा तिशीतला भाडेकरू भाचा एकाच घरमालकाला पैसे भरतात, हेही.

भाच्याच्या म्हातारपणाचा विचार केला तर हा प्रश्न दोनशे पौंडांच्या पलीकडे जातो. ब्रिटनची सरकारी पेन्शन घर फिटलेले आहे असे गृहीत धरूनच चालते. निवृत्तीत किमान किती लागेल याचे जे मापदंड पेन्शन उद्योग प्रसिद्ध करतो, त्यात एकट्या माणसासाठी २०२५ चा किमान आकडा १३,४०० पौंड आहे. त्यात भाडे किंवा हप्ता धरलेलाच नाही. पूर्ण सरकारी पेन्शन २०२५-२६ मध्ये वर्षाला १२ हजारांच्या जरा खाली. देशातले सरासरी खासगी भाडे महिन्याला साधारण १,३५० पौंड, वर्षाला १६ हजारांवर. आज पन्नाशीत असलेला भाडेकरू पंधरा-सतरा वर्षांत निवृत्त होईल, तेव्हा त्याची पूर्ण पेन्शन सरासरी भाड्यालाही पुरणार नाही. उरलेले हाऊसिंग बेनिफिटमधून सरकारलाच भरावे लागेल, आणि ते पैसे खासगी घरमालकांकडे जातील.

म्हणून खरी लढाई त्या अनाकर्षक नावाच्या लोकल हाऊसिंग अलाउन्सवर व्हायला हवी. २०११ पर्यंत ती स्थानिक भाड्यांच्या मध्यावर ठरत असे. मग ती तिसाव्या शतमकावर आणली, म्हणजे त्या भागातल्या सर्वात स्वस्त तीस टक्के घरांपुरती. २०१६ ते २०२० ती गोठवली, २०२० ला सुधारली, पुन्हा २०२४ पर्यंत गोठवली, एप्रिल २०२४ ला वाढवली आणि लगेच पुन्हा गोठवली. भाडे मात्र कोणी गोठवत नाही. वरच्या हिशेबातली दुसरी बाई या प्रत्येक गोठवणीत भाड्यातला वाढीव फरक स्वतः भरते, आणि तो बहुतेक वेळा हीटरच्या पैशांतून येतो. संसदेत त्यावर विंटर फ्युएलसारखे रण कधी पेटले नाही, कारण भाडेकरू पेन्शनरांची मते विखुरलेली आहेत आणि ‘अलाउन्स गोठवला’ हे मथळ्यात भरत नाही.

घरे उबदार करणे हा कायमचा उपाय आहे, पण तोही नीट केला तर. पोटमाळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचे आच्छादन, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे ही स्वस्त आणि जवळपास निर्धोक कामे आहेत. जुन्या भरीव विटांच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशन लावणे तसे नाही. कडा नीट बंद झाल्या नाहीत, पागोळीचे पाणी आत शिरले, हवा खेळायला जागा ठेवली नाही, की ओल भिंतीच्या आत अडकते. ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्रीय लेखापरीक्षण अहवालानुसार सरकारी योजनेत बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष होते. काम कोणी केले, कोणी तपासले, हे न पाहता पैसे दिल्याचा हा परिणाम. आणि भाडेकरू तर पोटमाळ्यावर आच्छादनही घालून घेऊ शकत नाही. घरमालकावर सध्या ऊर्जाबचतीच्या ‘ए’ ते ‘जी’ श्रेणीतल्या ‘ई’ दर्जाची सक्ती आहे, तीही ३,५०० पौंडांपर्यंतच्या खर्चाची. ती ‘सी’वर न्यायची तर भाडे वाढवायला तेच निमित्त होऊ नये याची तरतूद त्याच कायद्यात करावी लागेल, आणि स्थानिक कौन्सिलांना तपासनीस नेमायला पैसे द्यावे लागतील. तेरा लाखांवर कुटुंबे इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या घराच्या प्रतीक्षायादीत आहेत. त्यांना घर मिळेपर्यंत हिवाळे याच खासगी खोल्यांत काढायचे आहेत.